धामणीची कावड

कमठा, म्हणजे धनुष्य, म्हणलं की आजकालच्या पोरांना वाटतं, बांबूची काठी घ्यायची, वाकवायची, दोरी बांधायची, झाला कमठा. खेळातला रावण मारायला तसला चालतो. रानडुक्कर अंगावर येतं तेव्हा तसल्या काठीनं दात कोरायचे. मी सुताराची पोर आहे, आणि लाकडाबद्दल कुणी अडाण्यासारखं बोललं की माझं डोकं फिरतं, हे आधीच सांगून ठेवते.

कमठा करावा तर धामणीचा. धामण म्हणजे साप नव्हे, झाड. आमच्या बालाघाटाच्या डोंगरात ओढ्याच्या काठानं उगवतं. लाकूड असं की वाकेल पण मोडणार नाही, आणि सोडलं की परत सरळ. आमचे आबा, म्हणजे माझा बाप, गावची औतं, तिफणी, गाडीची चाकं करत. त्यातनं सवड मिळाली की शेताची राखण करणाऱ्यांना कमठे करून देत. बंदूक आमच्यासारख्यांना कोण देणार? लैसन लागायचं, आणि ते मिळायचं बड्या वाड्यातल्यांना. निजामाचं राज्य होतं, दूर कुठंतरी मोठी लढाई चालू होती म्हणायचे, आणि आमच्याकडं डुकरं भुईमूग खात होती.

ती डुकरं यायची डोंगरातनं, आणि डोंगरातलं जंगल बंद. डुकरं बड्या लोकांच्या शिकारीसाठी राखलेली, त्यांना हात लावायचा नाही. ओलं लाकूड तोडायचं नाही. वाळक्या फाट्यांची मोळी आणायला हरकत नव्हती. कावडीला, कुऱ्हाडीच्या दांड्याला एखादं लाकूड नेलं तर चौकीवरचा शिपाई बघून न बघितल्यासारखं करायचा. कमठ्याच्या लाकडाला मात्र सक्त मनाई. हुकूम कागदावर कुणी बघितला नव्हता, शिपाई सांगेल तोच हुकूम. म्हणजे डुक्कर सरकारचं, धामण सरकारची, भुईमूग तेवढा आमचा, तोही डुकरानं ठेवला तर.

आदल्या सालच्या आश्विनात आबा आमच्या तुकड्यावर राखणीला बसले होते. धामण मिळाली नाही म्हणून त्यांनी बोरीच्या लाकडाचा कमठा केला होता. दिवस बुडायच्या वक्ताला डुक्कर आलं, आबांनी कमठा ओढला आणि तो हातातच मोडला. डुकरानं मांडी फाडली. तीन महिने आबा खाटेवर होते. उठले ते लंगडत उठले. आणि उठल्या उठल्या म्हणाले, "पुढल्या साली बी म्याच जाणार राखणीला. कमठा नसला तर काठी घेऊन जाईन. शेत माझं हाय."

हट्टीपणा मी काही शेजाऱ्यांकडनं आणलेला नाही. मला पक्कं ठाऊक होतं, हा माणूस काठी घेऊन जाईल आणि या खेपेला माघारी येणार नाही. मला त्याची भीती वाटायची, लई भीती. ती भीती मला रागासारखी यायची, अजूनही तशीच येते. मी म्हणलं, "आबा, धामण म्या आणते."

माय चुलीपाशी होती, तिथनंच म्हणाली, "आणखी तेवढंच राहिलं व्हतं. नवऱ्याचं घर सोडून आलीस, आता जंगलात कुऱ्हाड चालव. लोक शेण घालत्याल तोंडात." मी तेव्हा सतरा वर्षांची असेन. वर्षभरापूर्वी सासरहून निघून आले होते. का आले ते इथं सांगत नाही, त्याला वेगळं पुस्तक लागेल. गावातल्या बाया मला टाकलेली म्हणायच्या. मी तोंडावर सांगायची, टाकलेली न्हाय, मी टाकून आलेय. त्यामुळं तोंडात शेण घालायची जागा काही शिल्लक नव्हती.

तिसऱ्या दिवशी आबा वाकस, म्हणजे लाकूड तासायचं हत्यार, घासता घासता, माझ्याकडं न बघता बोलायला लागले. मनगटाएवढं जाड बघ. तुझ्या कपाळाइतकं उंच, तेवढ्यात एक गाठ नसावी. कललेलं झाड घेऊ नको, त्याचं एक अंग ताणलेलं असतं. सालीवरच्या भेगा बघ, त्या सरळ वर जात असतील तर लाकूड सरळ. भेगा दोरीसारख्या वळत गेल्या असतील तर आत पीळ हाय, सोडून दे, कितीबी देखणं असू दे. आणि अंधाऱ्या पाखात तोड. चांदण्या पाखात तोडलेल्या लाकडाला भुंगा लागतो. हे सगळं त्यांना त्यांच्या बापानं सांगितलेलं. मला सांगताना त्यांना जड गेलं असणार, कारण आमच्या घरात हे पोरीला कुणी सांगितलं नव्हतं.

पौषाच्या अंधाऱ्या पाखात मी मोळीवाल्या बायांबरोबर डोंगरात जायला लागले. पहिल्या दिवशी धामणी दिसल्या, सगळ्या पिळाच्या. दुसऱ्या दिवशी एक सरळ सापडली, छातीइतक्या उंचीवर तिला डोळ्याएवढी गाठ. मी त्या झाडाला शिवी दिली, बाया हसल्या. तिसऱ्या दिवशी बायांना सोडून ओढ्यानं वर गेले, करवंदीच्या जाळीत शिरले, हातपाय ओरबाडून निघाले. तिथं ती होती. सावलीत, उजेडाकडं सरळ वर गेलेली, सालीवरच्या भेगा ओळंब्यानं मारल्यासारख्या. मी तिला हात लावला, थोडी वाकवली, सोडली. ती झटक्यानं उभी राहिली. मला इतका आनंद झाला की मी एकटीच मोठ्यानं म्हणलं, "आता बघते कोण मरतंय ते!"

कोयत्यानं तोडली, पाला साफ केला आणि विचार केला, हिला मोळीत लपवली तर सापडणार. चौकीवरचा शिपाई मोळीत काठी खुपसून बघायचा. मग लपवायचीच कशाला? माघारी येऊन मोळी बायांच्या हवाली केली, लाकूड खांद्यावर आडवं टाकलं आणि सरळ चौकीसमोरनं निघाले.

शिपाई बाजेवर बसून विडी ओढत होता. लांबच्या मुलखातला माणूस, एकटा, कंटाळलेला. वाईट म्हणावा असा नव्हता, पण हातात सत्ता आणि दिवसभर काम नाही, की माणसाला खोड्या सुचतात.

"ये क्या है गे?"

"कावड."

"औरत कावड उठाती क्या?"

त्याचं खरं होतं. आमच्याकडं बाई पाणी डोक्यावर आणते, कावड गड्यांची. मी म्हणलं, "बाप लंगडा झालाय. एका खेपेत दोन घागरी आणायच्या तर डोक्यावर किती रचू? का तुम्ही येता पाणी भरायला?"

तो हसला. उठला, लाकूड हातात घेऊन बघितलं. त्याला संशय होताच. धामण कावडीला बी भारी आणि कमठ्याला बी भारी, हे त्यालाही ठाऊक होतं. त्यानं कमरेचा चाकू काढला आणि मध्यापासून वीतभर अंतरावर लाकडावर आडवी खाच मारली.

"कल से रोज सबेरे दो घागर पानी चौकी पे लाने का. येइच कावड पे. निशान ऊपर दिखना. लकडी बदली, तो समझूँगा कमठे की थी. फिर तेरे बाप कू बुलाता."

म्हणजे फुकटची वेठ. घरी येऊन सांगितलं तेव्हा आबांनी डोकं धरलं. "ओल्या लाकडावर रोज वजन आलं तर ते तसंच वाकून बसतंय, पोरी. त्याचा कमठा मेला म्हणून समज. फेकून दे. जाऊ नको उद्या."

"न गेले तर तुम्हाला बोलावतोय तो. आणि दुसरं झाड आणलं तर तेबी धरणार."

"मग काय करतीस?"

"पाणी भरते. दुसरं काय?"

पौषापासनं पाडव्यापर्यंत भरलं. खालच्या झऱ्यावरनं दोन घागरी, चढ चढून चौकीपर्यंत, रोज. पहिल्या आठवड्यात खांदा सोलून निघाला. त्यावर मी चिंधी बांधली. बाईनं कावड घेतली म्हणून गावात हसं झालं. एक म्हातारी तर वाटेत बसून रोज म्हणायची, "आला गं बाई पाणक्या आला." मी तिला रोज रामराम करायची, गड्यासारखा. शिपायाला मात्र एका शब्दानं बोलले नाही. घागरी त्याच्या रांजणात ओतायच्या, खाच वर करून दाखवायची, चालू लागायचं. त्याला वाटलं असेल, पोर नरमली. माझा रोजचा चढ कसा जायचा सांगू? त्याला मनातल्या मनात शिव्या देत जायचा. चढ संपायचा, शिव्या संपायच्या नाहीत.

पाडव्याच्या सुमाराला झरा आटला आणि माझी वेठ सुटली. लाकूड घरी आलं तेव्हा त्याची दोन्ही टोकं खाली झुकलेली होती, कायमची. आबांनी ते अंगणात दोन दगडांवर ठेवलं आणि उलटसुलट करून बघितलं. मग मला समजावून सांगितलं. कमठा ओढला की त्याची बाहेरची बाजू, म्हणजे पाठ, ताणली जाते, आणि आतली बाजू, पोट, दबतं. पाठीवर चाकूची एवढीशी खाच असली तरी कमठा तिथनं फाटतो. लाकूड वाकलंय त्याच बाजूला वाकवलं तर शिपायाची खाच पाठीवर येते. म्हणजे मोडणार. उलट्या बाजूला वाकवलं तर खाच पोटात जाते, तिचं भय नाही. पण एका बाजूला वाकून वाळलेलं लाकूड उलटं ताणायचं, हे आमच्या घराण्यात कुणी केलेलं नव्हतं. कलाच्या उलट ताणू नये, असं आबांचा बाप सांगायचा. तेही मोडणार.

"इकडनं बी मोडतंय, तिकडनं बी मोडतंय," आबा म्हणाले. "चुलीत घाल."

ते आत गेले. मी तिथंच बसले. दोन-अडीच महिन्यांचा चढ, खांद्याचा घट्टा, त्या म्हातारीचं हसणं, सगळं एकदम आठवलं. मला रडू आलं नाही, संताप आला. मी उठले, लाकूड गुडघ्यावर उलटं घेतलं आणि मोडायचंच म्हणून दोन्ही टोकं अंगाकडं ओढली. मोड म्हणलं, मोड एकदाचं. ते मोडलं नाही. थोडं वाकलं आणि असं उसळलं की माझ्या हनुवटीला टोक लागून रक्त आलं.

मी ओरडले, "आबा! हे उलटंच जास्त जोर करतंय!"

आबा बाहेर आले. माझ्या हनुवटीकडं बघितलं सुद्धा नाही. लाकूड घेतलं, भिंतीला टेकवून हळूच उलटं दाबलं, सोडलं. परत दाबलं. मग म्हणाले, "दोरी नसताना ते पलीकडं वाकलेलं. म्हणजे अलीकडं आणायला आधीच जोर लागतोय. तो जोर तिराला मिळंल." आणि पुढं म्हणाले, "जर तग धरला तर." त्या 'जर'वर आमचं सगळं अडून राहिलं.

लाकडाच्या टोकांना शेण लिंपून ते चुलीवरच्या आढ्याला धुरात टांगलं. माय रोज भाकरी थापताना त्याच्याकडं बघून पुटपुटायची, पण धूर कमी पडला की तीच गोवरी सारायची. भाद्रपदात आबांनी ते खाली काढलं. वाकसानं तासलं, मग रंध्यानं, मग काचेच्या तुकड्यानं खरवडलं. कमठ्याचे दोन्ही हात, म्हणजे मुठीच्या दोन्ही अंगांच्या बाजू, सारखे वाकावेत म्हणून दर थोड्या वेळानं डोळ्यासमोर धरून बघायचे. अंबाडीची दोरी मी वळली. भुईमुगाच्या आऱ्यांना शेंगा भरत आल्या होत्या, आणि बांधावर डुकरांच्या पायांचे ठसे दिसायला लागले होते.

कमठ्याचा पहिला पुरा ओढा करणाऱ्यानं घ्यायचा, अशी आमच्यात रीत होती. मोडायचा तर करणाऱ्याच्या तोंडावर मोडावा, राखणदाराच्या नको. त्या सकाळी आबांनी दोरी चढवली आणि उभे राहिले. बोरीचा कमठा त्यांच्या हातात मोडला होता, तोच त्यांना ऐकू येत असणार. दोनदा त्यांनी ओढायला घेतला, दोनदा निम्म्यावर सोडून दिला.

"द्या इकडं," मी म्हणलं.

"रीत हाय. करणाऱ्यानं..."

"आणली कुणी? वाहिली कुणी? उलटी कुणी वाकवली? तुम्ही नुसती तासली."

असं बापाला बोलू नये, कळतं मला. पण त्यांनी कमठा माझ्या हातात दिला. मायनं पदर तोंडाला लावला. मी डोळे मिटले नाहीत. कानापर्यंत ओढला. लाकूड कुरकुरलं, एकदाच, आणि गप्प झालं. मी ओढूनच उभी राहिले. आबा म्हणत होते, "सोड आता, दमानं सोड," आणि मला सोडवत नव्हतं.

त्या सांजेला आम्ही दोघं शेतावर गेलो. राखणीला बाई नको म्हणून आबा वाटभर भांडले, मी वाटभर ऐकून घेतलं. उजेड असतानाच ओढ्याकडनं कळप आला, पुढं एक मोठा सुळेवाला. आबा सवयीनं काठी घेऊन उठायला लागले. मी त्यांच्या खांद्यावर हात ठेवून त्यांना खाली दाबलं आणि तीर सोडला. खांद्यात घुसला. डुक्कर गर्रकन फिरलं आणि कळप घेऊन डोंगराकडं पळालं.

सकाळी शिपाई दारात हजर. डुक्कर चौकीच्या खालच्या अंगाला मरून पडलं होतं आणि त्याच्या हातात आमचा तीर होता.

"सरकारी सूअर किसने मारा?"

आबा मला मागं सारून पुढं झाले. "म्या मारला."

"खोटं हाय," मी म्हणलं. "ह्यांना नीट उभं राहाता येत न्हाय. म्या मारला."

शिपायानं भिंतीवरचा कमठा खाली घेतला. त्याचा अंगठा फिरत फिरत खाचेवर आला आणि तिथंच थांबला. त्यानं माझ्याकडं बघितलं. त्याला कळलं, आणि त्याला कळल्याचं मला कळलं.

"ये तो वोइच..."

"व्हय, तीच. लिहा वर. सरकारी डुक्कर मारलं, लिहा. लाकूड तुमच्या चौकीसमोरनं दिवसाढवळ्या गेलं, तुम्ही त्याच्यावर खूण करून सोडलं, तेबी लिहा. पाडव्यापर्यंत तुमचा रांजण कुणी भरला, कुणाच्या हुकमानं भरला, तेबी लिहा. खाली सही म्या करते. मला सही येती."

गल्लीतली माणसं गोळा झाली होती. मला पाणक्या म्हणणारी म्हातारीही होती. ती एकदम म्हणाली, "म्या रोज बघितलंय हिला पाणी नेताना. माझा बी अंगठा घ्या." कुणी हसलं नाही.

"जबान लई चलती तेरी," शिपाई म्हणाला.

"चलती."

त्यानं कमठा आबांच्या खाटेवर टाकला आणि गेला. तीर मात्र घेऊन गेला. चांगल्या पात्याचा होता, त्याचं मला अजून वाईट वाटतं.

सांजच्याला आबांनी पटका बांधला आणि काठी घेतली. मी काठी त्यांच्या हातातनं काढून घेतली आणि मायच्या हातात दिली. "बसा," म्हणलं. मला वाटलं आता भडकणार. पण ते बसले. उंबऱ्यावर, लंगडा पाय लांब करून. मी कमठा खांद्याला अडकवून निघाले आणि मागनं त्यांचा आवाज सुरू झाला. "कोपर वर ठेव गं! घाई करू नको! वाऱ्याकडं बघ!" मी गल्लीच्या टोकाला पोचले तरी थांबेनात. दारादारात बाया उभ्या होत्या, सगळ्यांनी ऐकलं.

"कळतंय मला!" मीही तेवढ्याच जोरात ओरडले.